चढ कोणत्या दिशेचा?

गेल्या वर्षीं भाद्रपदांत माझ्या हृदयानें एकाएकीं संप पुकारला. रुग्णालयांतील मंडळींनीं मोठ्या तत्परतेनें त्याच्याशीं तडजोड घडवून आणली, एका रक्तवाहिनींत धातूची बारीकशी जाळी बसविली, आणि घरीं धाडतांना पथ्यांची एक लांबलचक यादी माझ्या हातीं दिली. मीठ सोडतां येतें, तूप सोडतां येतें, बँकेंतील पुढच्या बढतीची आशा सोडणें तर त्याहूनहि सोपें आहे. पण यादींतल्या शेवटच्या ओळीनें माझी झोंप उडविली. ‘रोज चालावें, चढ चढूं नये,’ अशी ती ओळ होती.

आमचें घर वेताळ टेकडीच्या पायथ्याशीं, कोथरूडच्या अंगाला आहे. वीस वर्षें मी पहाटे या टेकडीवर जात आलों आहें. पावसाळ्यांत तिच्यावर गवत उगवतें, उन्हाळ्यांत तें करपून जातें, आणि दोन्ही ऋतूंत ती मला सारखीच प्रिय आहे. सपाट रस्त्यावरून मोटारींचा धूर खात आणि दुकानांच्या पाट्या वाचीत चालण्याला चालणें म्हणावयास माझें मन तयार नव्हतें. म्हणून पुढच्या भेटींत मीं डॉक्टरांना भीत भीत विचारलें, “चढ नको म्हणजे किती चढ नको?” ते हसले आणि म्हणाले, “असें करा, कोणाला तरी बरोबर घेऊन बोलत बोलत चाला. वाक्य मध्येंच तुटूं लागलें कीं चढ तुमच्या हृदयाला जास्त झाला असें समजा, आणि थांबा.”

निर्बंध असा सौम्य झाल्याचें घरीं सांगतांच सौ.नें त्याला आपली एक उपसूचना जोडली. एकट्यानें जावयाचें नाहीं. आमची धाकटी परगांवीं अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत शिकते. दिवाळीच्या सुटींत ती तीन आठवडे येणार होती. तेवढे दिवस तिनें माझ्याबरोबर जावें, पुढचें पुढें पाहतां येईल, असें ठरलें.

धाकटी आली ती पिशवींत फराळाच्या रिकाम्या डब्यांबरोबर गणिताचें एक जाडजूड पुस्तक घेऊनच. सुटी संपतांच तिची परीक्षा होती. मीं बी.एस्सी.ला गणित घेतलें होतें ही आमच्या घरांतील एक जुनी दंतकथा आहे, आणि दंतकथांचें होतें तेंच तिचें झालें आहे: ती सर्वांना माहीत आहे, पण तिची परीक्षा कोणीं घेतलेली नाहीं. ती वेळ पहिल्याच सकाळीं आली. टेकडीच्या पहिल्या उंचवट्यावर पाय ठेवतांच मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्हांला बोलत राहायचें आहे ना? मग मला डायरेक्शनल डेरिव्हेटिव्ह समजावून सांगा.”

मी थबकलों, आणि तें दम लागला म्हणून नव्हे.

या दोन शब्दांशीं माझें पस्तीस वर्षांचें वैर आहे. मराठींत त्यांना ‘दिशात्मक अवकलज’ म्हणतां येईल. नांव बदलल्यानें वैर कमी होत नाहीं. दुसऱ्या वर्षाच्या सहामाही परीक्षेंत मला प्रश्न आला होता: क्षचा वर्ग गुणिले य, या फलाचा (१, २) या बिंदूपाशीं (३, ४) या सदिशाच्या दिशेनें अवकलज काढा. मीं काढला. क्षच्या दिशेनें वाढीचा दर ४ आला, यच्या दिशेनें १ आला. चारांना तिहींनीं गुणलें, एकाला चारांनीं गुणलें, दोहोंची बेरीज १६ झाली. पेपर परत मिळाला तेव्हां त्या सोळावर तांबडी रेघ होती व समासांत पूज्य होतें. खरें उत्तर ३.२ होतें. दिलेल्या सदिशाची लांबी ५ असते. तिनें भागावयाचें राहून गेलें होतें, इतकेंच.

मी प्राध्यापकांकडे गेलों. (३, ४) कडे तोंड केलें काय किंवा (६, ८) कडे केलें काय, माणूस एकाच बाजूला पाहत असतो. दिशा तीच, मग लांबीचा प्रश्न येतोच कोठें, असा माझा युक्तिवाद होता, आणि तो मला त्या वेळीं बिनतोड वाटला होता. ते म्हणाले, “व्याख्या तशी आहे.” एवढें बोलून ते पुढच्या विद्यार्थ्याकडे वळले. पुढें पदवी मिळाली, पण गणितावरून उडालेलें मन पुन्हां बसलें नाहीं. मी बँकेंत चिकटलों. व्याजाच्या हिशेबांत दिशेचा प्रश्न उद्भवत नाहीं. व्याज एकाच दिशेनें वाढतें.

ही सारी कैफियत मीं मुलीला चालतां चालतां सांगितली, आणि अन्याय झालेल्या माणसाच्या आवाजांत सांगितली हें कबूल केलें पाहिजे. तिनें ती मुकाट्यानें ऐकून घेतली. मग ती म्हणाली, “सोळा? बाबा, त्या बिंदूवर सोळा होऊंच शकत नाहीं.”

“कां? व्याख्या तशी… म्हणून… कीं…” माझें वाक्य तुटलें. डॉक्टरांच्या कसोटीप्रमाणें आम्ही थांबलों आणि परत फिरलों.

घरीं आल्यावर तिनें स्वयंपाकघरांतला सागवानी पाट उचलून जमिनीवर ठेवला व त्याच्या एका कोपऱ्याखालीं हळदीची डबी सरकवून तो तिरपा केला. “ही तुमची टेकडी,” ती म्हणाली, “एका बिंदूपाशीं अगदीं जवळून पाहिलेली.” पृथ्वी गोल असूनहि अंगण जसें सपाट दिसतें, तसा कोणताहि गुळगुळीत डोंगर एका ठिपक्याच्या आसपास तिरप्या पाटासारखाच दिसतो. आतां असें धरावयाचें कीं या पाटावर पूर्वेकडे एक हात सरकलें तर उंची चार बोटें वाढते, आणि उत्तरेकडे एक हात सरकलें तर एक बोट वाढते. चार आणि एक हे माझ्याच परीक्षेंतले दोन आकडे होते. “आतां तीन हात पूर्वेला जा. किती चढलांत?” बारा बोटें. “तेथून चार हात उत्तरेला.” आणखी चार बोटें. “म्हणजे?”

“सोळा!” मी विजयानें म्हणालों. “झाले कीं सोळा!”

“झाले. पण निघालांत तेथून आतां किती दूर आहांत?”

तीन हात पूर्वेला आणि चार हात उत्तरेला गेलेला माणूस मूळ जागेपासून सरळ रेषेंत पांच हातांवर असतो, हें शाळेंतल्या मुलालाहि कळतें. आमचा पाट पांच हात लांब नाहीं, पण गणितांतला पाट हवा तेवढा लांब असतो. सोळा बोटांची चढण खरी होती. ती पांच हातांत झाली होती. हाताला ३.२ बोटें. (६, ८) घेतलें असतें तर दहा हातांत बत्तीस बोटें झालीं असतीं, आणि हाताला पुन्हां ३.२ च. लांबीनें भागलें कीं लांबीचा प्रश्न मिटतो आणि निखळ दिशा उरते. माझा युक्तिवाद बरोबरच होता, पण तो माझ्या उत्तराच्या बाजूचा नव्हता, विरुद्ध बाजूचा होता.

“आणि सोळा होऊंच शकत नाहीं तें असें,” मुलीनें मोहरीचा एक दाणा पाटावर सोडला. दाणा सर्वांत तीव्र उताराच्या वाटेनें घरंगळत गेला. ज्या दिशेनें दाणा उतरला तिच्या नेमकी उलट ती सर्वांत उभ्या चढाची दिशा. आणि त्या दिशेचा चढ किती, तर चाराचा वर्ग अधिक एकाचा वर्ग, म्हणजे सतरा, याचें वर्गमूळ: सुमारें ४.१२. त्या पाटावर कोणत्याहि दिशेला तोंड करा, हातामागें चार बोटांहून किंचित् अधिक, यापलीकडे चढ मिळावयाचा नाहीं. मीं उत्तरपत्रिकेंत जी टेकडी उभी केली होती ती प्रश्नांतल्या टेकडीच्या सर्वांत खड्या बाजूपेक्षांहि जवळजवळ चौपट उभी होती.

मी बराच वेळ त्या पाटाकडे पाहत बसलों. बँकेंत माझें सारें आयुष्य द.सा.द.शे. या चार अक्षरांवर गेलें. पांच वर्षांचें व्याज एका वर्षाचें म्हणून सांगणाऱ्या कारकुनाला मीं आपल्या हाताखालीं एक दिवसहि ठेवलें नसतें. आणि नेमकी हीच चूक करून मीं तिचा अभिमान पस्तीस वर्षें बाळगला! ‘चढ हा दर आहे, रक्कम नव्हे,’ एवढें एक वाक्य त्या दिवशीं कोणीं बोललें असतें, तर कदाचित् माझें आयुष्य निराळ्या वाटेनें गेलें असतें. कदाचित् नसतेंहि. आपलें वैर खोटें होतें हें कळल्यावर माणसाला आनंद व्हावा. मला मात्र थोडें पोरकें वाटलें. तेवढ्यांत सौ.नें पानें घ्यावयाचीं आहेत म्हणून पाट मागितला.

दुसऱ्या दिवसापासून टेकडी मला वेगळी दिसूं लागली. एका ठिकाणीं, बाभळीच्या एका खुरट्या झाडापाशीं, तीन वाटा एकत्र येतात. एक सरळ माथ्याकडे जाते. तरुण मंडळी तीवरून धांवत वर जातात आणि आम्हां वृद्धांना उगीच खजील करतात. दुसरी तिरपी जाते. तिसरी गुरांच्या पायांनीं पडलेली, टेकडीच्या पोटावरून आडवी जाणारी. तिन्ही वाटा ज्या बिंदूपाशीं भेटतात तेथें जमीन तर एकच आहे. मग त्या जागेचा चढ किती? हा प्रश्नच अपुरा आहे. रस्त्याला चढ किती असें विचारलें तर उत्तर देतां येतें, कारण रस्ता म्हणतांच दिशा ठरते. डोंगराच्या एका जागेला मात्र एक चढ नसतो, जितक्या दिशा तितके चढ असतात. आपल्या भाषेला हें फार पूर्वीपासून ठाऊक असावें. उभा चढ, तिरपी वाट, आडवी वाट हे शब्द कोणा गणितज्ञानें घडविलेले नाहींत.

नवल तें पुढेंच आहे. दिशा अगणित, चढ अगणित, पण ते स्वैर नाहींत. पाट एकदां तिरपा झाला कीं त्याचे सगळे चढ ठरून जातात. पूर्वेचा एक आणि उत्तरेचा एक, एवढे दोन आकडे हातीं असले कीं उरलेल्या साऱ्या दिशांचे चढ त्यांतून काढतां येतात. किंवा दुसऱ्या रीतीनें, सर्वांत उभ्या चढाची दिशा आणि त्याचा आकडा माहीत असला तरी पुरे. या दिशेनें त्या आकड्याइतका लांब बाण काढला तर त्याला ग्रेडियंट म्हणतात. मग त्या बाणापासून आपण जितक्या कोनानें वळूं, त्या कोनाच्या कोसाइननें चढ कमी होतो. साठ अंश वळलें कीं चढ निम्मा. नव्वद अंश वळलें कीं शून्य.

हें सूत्र मीं माझ्या हृदयावर पडताळून पाहिलें, आणि त्यांतला एक बारकावा मला पुस्तकांत नव्हे, वाटेवर सांपडला. प्रथम मी लबाडी करीत असें. उभ्या वाटेपासून थोडासा, वीस-तीस अंश, तिरपा होऊन चढावयाचें आणि पथ्य पाळल्याचें समाधान मानावयाचें. पण वाक्यें तुटतच. हिशेब केला तेव्हां कारण समजलें. तीस अंश वळूनहि चढाचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा कमी होतो. उभ्या दिशेच्या आसपास वळण्याला किंमत नाहीं. याच्या उलट आडव्या वाटेजवळ एकेक अंशाला मोल आहे. तेथें थोडेंसें वर वळलें तरी चढ चटकन् जाणवतो, आणि थोडेंसें खालीं वळलें तर श्वास लगेच सांवरतो. माझ्यासारख्यानें आपली वाट आडव्या बाजूनें शोधीत यावें, उभ्या बाजूनें नव्हे. तिसऱ्या आठवड्यांत साठ अंशांच्या पुढच्या एका वाटेवर मी अखंड बोलत माथ्यावर पोहोंचलों, हें सांगतांना मला अजूनहि मुलासारखा आनंद होतो.

मधल्या काळांत मुलीनें कोठून तरी सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा मिळविला होता. समान उंचीचे बिंदु जोडणाऱ्या समोच्च रेषा त्यावर तपकिरी रंगांत काढलेल्या असतात. लगतच्या दोन रेषांमध्यें २० मीटरांचा फरक. समोच्च रेषेवरून चाललें कीं चढ शून्य, आणि तिच्याशीं काटकोन केला कीं उभा चढ. रेषा दाटल्या तेथें कडा, विरळ झाल्या तेथें पठार. या रेषांचा एक गमतीदार इतिहास आहे. १७७४ सालीं मॅस्केलाइन या ज्योतिर्विदानें स्कॉटलंडांतील शिहॅलियन नांवाच्या डोंगराजवळ ओळंबा किती ढळतो हें मोजलें. त्यावरून पृथ्वीची घनता काढावयाची होती. त्यासाठीं डोंगराचें वस्तुमान हवें, आणि डोंगराच्या अंगावर मोजलेल्या उंचीच्या आंकड्यांचें तर जंगल माजलेलें. हा हिशेब चार्ल्स हटन या गणितज्ञाकडे आला. त्यानें सारख्या उंचीचे बिंदु रेषांनीं जोडले, आणि त्या जंगलांत डोंगराचा आकार दिसूं लागला. पृथ्वी तोलावयास निघालेल्या माणसाची ही युक्ति आतां माझ्यासारख्या रोग्याला फिरावयास उपयोगी पडते आहे.

याच सुटींत मेहुण्यांच्या आग्रहास्तव मुंबईच्या एका डॉक्टरांना प्रकृति दाखवून आम्ही तिघें आगगाडीनें परत येत होतों. कर्जतला गाडीच्या मागें जादा इंजिनें जोडलीं गेलीं आणि बोरघाटाची चढण सुरू झाली. हा मार्ग १८६३ मध्यें खुला झाला. सुमारें सोळा मैलांत तो १८३१ फूट चढतो, आणि त्यांतला सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट इतकाच आहे. आगगाडी ही हृदयरोग्यासारखीच आहे. पोलादी रुळांवर पोलादी चाकें घसरूं नयेत म्हणून तिलाहि चढाची मर्यादा घालून दिलेली असते. मुलीनें तिकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. डोंगराची बाजू दोन फुटांना एक फूट उभी आहे असें धरलें, तर सदतिसांत एक हा चढ मिळविण्यासाठीं उभ्या दिशेपासून जवळजवळ सत्त्याऐंशीं अंश वळलें पाहिजे. म्हणजे समोच्च रेषेपासून अवघे तीन अंश! आगगाडी घाट चढते असें आपण म्हणतों खरें, पण वस्तुतः ती घाटाच्या अंगावरून आडवी चालते आणि चालतां चालतां, कोणाच्या लक्षांत येणार नाहीं अशा बेतानें, किंचित् वर सरकत राहते. मात्र समोच्च रेषा प्रत्येक घळींत आंत शिरते आणि प्रत्येक सोंडेला वळसा घालते. गाडीला इतकीं तीव्र वळणें झेपत नाहींत. म्हणून घळीवर पूल आणि सोंडेंतून बोगदा. बालपणापासून मी ते बोगदे मोजीत आलों होतों. ते तेथें कां आहेत हें मला छप्पन्नाव्या वर्षीं कळलें.

सौ. खिडकीशीं बसून हें ऐकत होती. ती म्हणाली, “म्हणजे गाडीच्या इंजिनियरनें डॉक्टरांचें ऐकलें.” यावर मी कांहीं बोललों नाहीं.

मुलीला या विषयाची गरज घाटासाठीं नव्हती. हल्लीं संगणकाला ‘शिकवितात’ तें याच गणितानें, असें ती सांगते. संगणकाच्या चुकीची एक भली मोठी टेकडी कल्पावयाची, दोन दिशांची नव्हे तर कोट्यवधि, अब्जावधि दिशांची, आणि दाट धुक्यांत सांपडलेल्या वाटसरूप्रमाणें पायाखालचा सर्वांत तीव्र उतार चांचपून एकेक पाऊल खालीं टाकावयाचें. ही युक्ति कोशी या फ्रेंच गणितज्ञानें १८४७ मध्येंच लिहून ठेविली होती. ज्या दिशेनें मी जाऊं नये अशी माझ्या डॉक्टरांची आज्ञा, तिच्या बरोबर उलट दिशेनें सारें यंत्रयुग उतरत चाललें आहे! गणित सांगतें कीं उलट दिशेचा अवकलज म्हणजे तोच आकडा, फक्त ऋण चिन्हाचा. माझे गुडघे या विधानाशीं सहमत नाहींत. उतरतांना होणारा त्रास हा चढतांना होणाऱ्या त्रासाचें ऋण रूप मुळींच नाहीं. परंतु गुडघ्यांची साक्ष गणितांत ग्राह्य धरीत नाहींत.

सुटीच्या शेवटच्या रविवारीं आम्ही माथ्यावरच्या सपाटीवर एका खडकावर टेकलों असतां मुलीनें वहींत एक अपूर्णांक लिहिला. अंशस्थानीं क्षचा वर्ग गुणिले य. छेदस्थानीं क्षचा चतुर्थ घात अधिक यचा वर्ग. मूळबिंदूपाशीं उंची शून्य धरावयाची. “हा डोंगर पाहा,” ती म्हणाली. “पूर्वेला चढ शून्य. उत्तरेला चढ शून्य. आतां तुम्ही सांगा, ईशान्येला किती?”

दोन्ही आकडे शून्य, तेव्हां पाट अगदीं सपाट. ईशान्येलाहि शून्यच, असें मीं नवशिक्याच्या आत्मविश्वासानें सांगितलें. “नाहीं. दहा पावलांना सात.” तिनें करून दाखविलें, तें बरोबर होतें. प्रत्येक सरळ दिशेनें त्या मूळबिंदूंतून निघा, चढ नीट मोजतां येतो. पण हे सारे चढ मिळून एक पाट होत नाहीं. आणि याहून विलक्षण म्हणजे, सरळ रेषा सोडून जर परवलयाच्या वांकड्या वाटेनें, यची किंमत क्षच्या वर्गाइतकी ठेवीत, त्या बिंदूकडे आलें, तर उंची सर्व वाटभर नेमकी अर्धा राहते. बिंदूच्या कितीहि जवळ या, अर्धा. आणि बिंदूवर पाऊल ठेवतांच शून्य. तेथें चक्क कडा आहे, आणि कोणत्याहि सरळ दिशेनें येणाऱ्याला तो दिसत नाहीं. दोन चढांवरून सारे चढ काढण्याचा नियम फक्त गुळगुळीत डोंगराचा आहे. सगळ्या दिशा तपासून झाल्या म्हणजे डोंगर गुळगुळीत ठरला असें नाहीं.

मी त्या अपूर्णांकाकडे पाहत राहिलों. श्रावणांत, म्हणजे त्या सकाळच्या महिनाभर आधीं, बँकेच्या नियमाप्रमाणें माझी पुरी तपासणी झाली होती. रक्तदाब ठीक, साखर ठीक, हृदयाचा आलेख स्वच्छ. एकेका दिशेनें पाहिलें तर सारें ठीकच होतें, आणि तपासणाऱ्यांची त्यांत चूक होती असें मला आजहि वाटत नाहीं. मीं हें मोठ्यानें बोलून दाखविलें. मुलगी वहींत पाहत राहिली. कांहीं वेळानें ती म्हणाली, “बाबा, त्या रात्रीं आईचा फोन आला तेव्हां मी हेंच उदाहरण सोडवीत होतें.” मग तिनें वही मिटली आणि आम्ही तिरप्या वाटेनें खालीं उतरलों.

मंगळवारीं ती गेली. जातांना दाराशीं तिनें मला एवढेंच बजावलें, “साठ अंशांच्या आंत जायचें नाहीं.”

बुधवारीं पहाटे मी काठी घेऊन एकटाच निघणार, तों सौ. शाल पांघरून दाराबाहेर उभी. तीस वर्षांच्या संसारांत ती टेकडीवर मोजून चार वेळां आली असेल. आम्ही बाभळीपर्यंत मुकाट्यानें आलों. ती उभ्या वाटेकडे पाहून क्षणभर थांबली, आणि कांहीं न विचारतां तिरप्या वाटेला लागली. मी तिच्या मागून चाललों. गवतावर दंव होतें. थोडें वर गेल्यावर ती मागें वळून म्हणाली, “अहो, बोला ना कांहींतरी. तुम्ही गप्प झालांत कीं मला भीति वाटते.”

काय बोलावें हें मला सुचेना. मग मीं वाटेवरच्या मातींत काठीनें दोन रेघा काढल्या. “ही पूर्व,” मी म्हणालों, “आणि ही उत्तर. आतां समज, पूर्वेकडे एक हात गेलें तर चार बोटें चढ लागतो, आणि उत्तरेकडे…”

“एक बोट,” ती म्हणाली. “तो माझाच पाट ना? त्याच्याखालची हळदीची डबी मला अजून सांपडलेली नाहीं. चला, पुढें सांगा.”